नवे इंजिन रुळते म्हणजे काय होते?

नवी वहाण आठ दिवस चावते, मग पायाला बसते. नव्या पाट्यावर किंवा नुकत्याच टाकी लावलेल्या जात्यावर पहिला घाणा कोणी खाण्यासाठी दळत नाही. मूठभर जाडेभरडे धान्य भरडून ते टाकून देतात, कारण त्यात दगडाची कच येते. नवे इंजिन असलेली गाडी घरी आली की विकणारा सांगतो, "पहिले हजार किलोमीटर जपून चालवा. गाडी अजून रनिंगमध्ये आहे." पुढे कोणी सांगतो, "आता इंजिन फ्री झाले." या तिन्ही गोष्टींत काही साम्य आहे का? आणि 'जपून' म्हणजे नेमके कसे?

विद्यार्थी हा प्रश्न विचारतात, विशेषतः ज्यांच्या घरी नुकतीच मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर आलेला असतो असे. बहुतेक वेळा त्यांना उत्तर मिळते ते नियमाच्या स्वरूपात: इतक्या वेगाच्या वर जायचे नाही, इतक्या किलोमीटरला ऑइल बदलायचे. नियमामागचे कारण मात्र कोणी सांगत नाही. कारण ठाऊक नसले की नियम पाळताना माणूस कसा फसतो, याचा एक अनुभव आम्ही लहानपणी पाहिला आहे. तेथूनच सुरुवात करू.

मामांचे इंजिन

१९९२ सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि सुटीत पारनेर तालुक्यात मामांकडे गेलो होतो. मामांनी कर्ज काढून विहिरीवर नवे डिझेल इंजिन बसवले होते. एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे. अशी इंजिने त्या काळी नगर जिल्ह्यात जागोजाग ठकठकत असत. इंजिन बसवून देणाऱ्याने बजावले होते, "पहिले पन्नास तास जपून." मामा मुळातच जपणारे. त्यात विहिरीला पाणी थोडे. मग त्यांनी ठरवले की पावसाळ्यापर्यंत इंजिन नुसतेच रुळवून घ्यावे. पट्टा काढून ठेवायचा, म्हणजे पंपाचे ओझे नाही, आणि रोज सकाळी दोन-तीन तास इंजिन अगदी हळू चालवायचे. हा क्रम त्यांनी महिनाभर चालवला.

पाऊस पडला, विहिरीला पाणी आले, पट्टा चढला. तेव्हा इंजिन निळा धूर ओकू लागले. ते ऑइल खाऊ लागले आणि पाणीही पूर्ण जोमाने उचलेना. कांद्याचे रोप पाण्यावाचून उभे होते. मिस्त्री आला, त्याने हेड उतरवले. सिलिंडर आतून आरशासारखा चकचकत होता. मामा म्हणाले, "बघा, किती गुळगुळीत झालंय!" मिस्त्री म्हणाला, "दादा, तेच तर दुखणं आहे." त्याने पॉलिश पेपरने सिलिंडर आतून तिरकस रेघांनी, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, घासून खरखरीत केला. नव्या रिंगा टाकल्या आणि म्हणाला, "आता लगेच पाण्यावर घ्या." त्यानंतर ते इंजिन बरीच वर्षे चालले.

गुळगुळीत पृष्ठभाग हे दुखणे कसे? आणि इतके जपूनही इंजिन बिघडले कसे? पुढे घर्षणाचा थोडा अभ्यास केल्यावर आम्हाला याची उत्तरे मिळाली.

गुळगुळीत दिसते ते गुळगुळीत नसते

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांची फट असते. ही फट बंद करतात त्या पिस्टनच्या खाचांत बसवलेल्या रिंगा. वरच्या रिंगा जळत्या वायूला खाली निसटू देत नाहीत आणि सर्वांत खालची रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून परत खाली पाठवते. म्हणजे रिंग ही दाराला लावलेल्या पट्टीसारखी आहे. ती चहूबाजूंनी भिंतीला बिलगली तरच दोन्ही कामे होतात.

कारखान्यातून आलेली रिंग आणि भिंत हाताला गुळगुळीत लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्हींवर डोंगर आणि दऱ्या दिसतात. त्यांची उंची-खोली मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, तर हे डोंगर एखाद्या मायक्रॉनपासून काही मायक्रॉनपर्यंतचे. अशा दोन पृष्ठभागांना एकमेकांवर ठेवणे म्हणजे एका डोंगररांगेवर दुसरी डोंगररांग पालथी घालण्यासारखे आहे. कळसूबाईच्या रांगेवर दुसरी रांग पालथी घातली तर ती फक्त काही शिखरांवर टेकेल. बाकी सगळीकडे पोकळीच राहील.

केंब्रिजचे शास्त्रज्ञ बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला प्रयोगांनी हेच दाखवून दिले. दोन धातूंचे पृष्ठभाग जेवढे एकमेकांवर ठेवलेले दिसतात, त्याच्या अगदी छोट्या अंशावरच ते खरोखर टेकलेले असतात. सारा भार त्या मोजक्या शिखरांवर येतो. तेथे दाब प्रचंड वाढतो, शिखरे दबतात, क्षणभर एकमेकांना चिकटतात आणि सरकताना तुटतात. या चिकटण्या-तुटण्यातून घर्षण, उष्णता आणि झीज जन्माला येतात. घासणाऱ्या पृष्ठभागांच्या या शास्त्राला १९६६ पासून 'ट्रायबॉलॉजी' असे नाव आहे. ग्रीक भाषेत 'ट्रिबोस' म्हणजे घासणे.

नवे इंजिन रुळणे म्हणजे ही सर्वांत उंच शिखरे खुडली जाणे. शिखरे गेली की मागे लहान लहान पठारे उरतात. भार अधिक जागेवर पसरतो, दाब कमी होतो आणि झीज मंदावते. रुळलेले इंजिन फिरवायला हलके जाते ते यामुळेच. 'फ्री झाले' हा गॅरेजमधला शब्द शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर आहे.

सिलिंडरची टाकी

मग कारखान्यातच भिंत आरशासारखी का करत नाहीत? कारण आरशावर ऑइल टिकत नाही.

सिलिंडर कातून झाल्यावर त्याच्या आतल्या बाजूला घासदगडांनी मुद्दाम तिरकस रेघा पाडतात. या क्रियेला होनिंग म्हणतात. दगड फिरता फिरता वरखाली होत असल्याने रेघा एकमेकींना छेदतात आणि चौकटीचे जाळे तयार होते. या बारीक चरांत ऑइल साठते. शेताच्या बांधावरच्या चारीत पाणी राहावे तसे ते तेथे राहते आणि रिंग वरून गेली की तिला वंगण पुरवते. पाट्याला टाकी लावतात तीही पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करण्यासाठीच. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. आमच्या मामांच्या मिस्त्रीने सिलिंडरला टाकीच लावली होती.

म्हणजे आपल्याला हवे आहे ते असे: वरची शिखरे जावीत, पण खालचे चर राहावेत. आजकाल अनेक कारखाने होनिंग दोन टप्प्यांत करतात. आधी जाड दगडाने खोल चर पाडतात, मग बारीक दगडाने फक्त वरची टोके छाटतात. यामुळे पठारे बरीचशी कारखान्यातच तयार होतात आणि आजच्या इंजिनाचे रुळण्याचे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी उरते. शेवटचा हात मात्र रिंग आणि भिंत यांनी एकमेकींवरच फिरवावा लागतो. प्रत्येक रिंग आणि प्रत्येक भिंत यांचे चढउतार वेगळे असतात आणि त्यांची जोडी एकमेकींच्या सहवासातच जमते.

पहिल्या घाण्यातली कच जशी टाकून द्यायची, तशी खुडलेल्या शिखरांची धातूची पूडही बाहेर काढायची असते. ती ऑइलमध्ये उतरते आणि गाळणीत अडकते. नव्या इंजिनातले पहिले ऑइल प्रयोगशाळेत तपासले तर त्यात लोहाचे प्रमाण नंतरच्या ऑइलपेक्षा जास्त आढळते. म्हणून पहिले ऑइल लवकर बदलण्याची चाल पडली. अनेक ट्रॅक्टरांना साधारण ५० तासांनंतर पहिली ऑइल-बदली सांगितलेली असते, ती याच कारणाने.

ऑइलचा पातळ पडदा

येथपर्यंतचे वर्णन वाचून वाटेल की पिस्टन सतत भिंतीवर खरडत असतो. तसे असते तर कोणतेच इंजिन टिकले नसते. पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर वेगात असतो, तेव्हा रिंगेखाली ऑइलचा काही मायक्रॉन जाडीचा पडदा तयार होतो आणि धातू धातूला शिवत नाही. पावसात भरधाव मोटारीचे चाक पाण्याच्या थरावर तरंगते, तसाच हा प्रकार. पण स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना पिस्टन क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की पडदा पातळ होतो आणि शिखरे शिखरांना भिडतात. म्हणूनच जुन्या इंजिनाचा सिलिंडर मोजला तर सर्वाधिक झीज वरच्या टोकापाशी, रिंग जेथून उलटी फिरते तेथे, दिसते.

जर्मन अभियंता रिशार्ड श्ट्रिबेक याने १९०२ च्या सुमारास बेअरिंगांवर मोजमापे करून दाखवले की, वंगण असलेल्या पृष्ठभागांचे घर्षण वेग, भार आणि वंगणाचा चिकटपणा या तिघांवर अवलंबून असते. वेग कमी किंवा भार फार झाला की पडदा फाटतो आणि घर्षण झपाट्याने वाढते. रुळलेल्या इंजिनात शिखरे बुटकी झालेली असतात, त्यामुळे पातळ पडदाही त्यांना झाकायला पुरतो. नव्या इंजिनाचा पडदा ज्या वेगाला किंवा ज्या भाराखाली फाटला असता, तेथे रुळलेल्या इंजिनाचा पडदा शाबूत राहतो. हीच रुळण्याची खरी मिळकत.

याला रसायनशास्त्राचीही साथ आहे. इंजिन-ऑइलमध्ये जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले एक द्रव्य मिसळलेले असते. जेथे धातू घासून तापतो तेथे हे द्रव्य विघटन पावते आणि काचेसारखा एक अतिशय पातळ थर जमा करते. त्याची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. पुढे घर्षण होते ते या थरावर. धातूऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो.

फार जपले तर?

आता मामांच्या इंजिनाकडे वळू. रिंग भिंतीला कशाने दाबली जाते? तिच्या स्वतःच्या लवचीकपणाने, हे एक उत्तर. पण हा दाब तुटपुंजा असतो, वातावरणाच्या दाबाच्या एक-दोन पट. खरा जोर येतो तो जळत्या वायूचा. इंधन जळले की वायू वरच्या रिंगेच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला भिंतीकडे ढकलतो. पेट्रोल इंजिन भरपूर ओझ्याखाली असेल तर हा दाब वातावरणाच्या पन्नास-साठ पट किंवा त्याहूनही अधिक होतो. डिझेल इंजिनात तो आणखी वाढतो. ओझे नसेल तर इंधन थोडेच जळते आणि रिंगेमागचा दाब उतरतो.

मामांचे इंजिन महिनाभर ओझ्यावाचून चालले. रिंगा भिंतीवर पुरेशा दाबल्या गेल्या नाहीत, त्यामुळे शिखरे नीट खुडली गेली नाहीत आणि जोडी जमली नाही. रिंग आणि भिंत यांच्यातून गरम वायू खाली निसटत राहिला आणि भिंतीवरचे ऑइल वर चढत राहिले. ते अर्धवट जळून भिंतीवर लाखेसारखा कडक, चकचकीत लेप बसला. या लेपाने होनिंगचे चर बुजले. मामांना दिसली ती चमक धातूची नव्हती, भाजलेल्या ऑइलची होती. एकदा हा लेप बसला की नंतर कितीही ओझे घाला, रिंगांची जोडी जमणे कठीण. मग लेप खरवडून पुन्हा होनिंग करणे हाच उपाय उरतो.

विमानांच्या छोट्या पिस्टन इंजिनांची उत्पादक सूचना याच तत्त्वावर आधारलेली आहे. नवे किंवा दुरुस्त केलेले असे इंजिन पहिले काही तास मुद्दाम जास्त शक्तीवर, साधारण ६५ ते ७५ टक्क्यांवर, चालवायला सांगतात. जमिनीवर नुसते फिरवत ठेवू नका, असेही बजावतात. ऑइलचा खप स्थिर झाला की रिंगा बसल्या, असे समजतात.

आणि फार ताणले तर?

मग एका पक्षाचे म्हणणे खरे मानायचे का, की नवी गाडी पहिल्या दिवसापासून दामटावी? वेगवान मोटारींच्या शौकिनांत असे मानणारा एक पक्ष आहे. पण त्यातही अर्धेच सत्य आहे.

नव्या इंजिनात भार मोजक्या शिखरांवर असतो. ओझे आणि वेग दोन्ही एकदम वाढवले तर त्या शिखरांवर क्षणिक तापमान फार चढते, पडदा फाटतो आणि शिखरे खुडली जाण्याऐवजी एका पृष्ठभागाचा धातू दुसऱ्याला चिकटून ओरबाडला जातो. असे ओरखडे स्वतःहून भरून येत नाहीत. शिवाय पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरची भिंत बहुधा बिडाची असते. तितक्याच तापमानवाढीला ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. इंजिन नवे असताना घर्षणाची उष्णता जास्त असते. त्यात ओझे लादले की पिस्टन भिंतीच्या आधी फुगतो, मधली फट संपते आणि पिस्टन धरतो. 'इंजिन सीज झाले' म्हणतात ते हेच. कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणून नव्याकोऱ्या ट्रॅक्टरला पहिल्याच आठवड्यात उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून चढावर नेणे, किंवा नवी मोटारसायकल तिघांना घेऊन करंजी घाटात वरच्या गियरमध्ये कण्हत चढवणे, ही या दुसऱ्या टोकाची उदाहरणे.

शक्तिशाली मोटारींच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. त्यांच्या इंजिनांत तेवढ्याच आकारातून जास्त शक्ती काढलेली असते, म्हणून दाब, तापमान आणि फेरे सगळेच चढे असतात. यामुळे अशा काही मोटारींच्या पुस्तिकांत पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरसाठी फेऱ्यांची मर्यादा घालून दिलेली आढळते आणि मर्यादा हळूहळू वाढवायला सांगितलेली असते. त्यांत फक्त इंजिनाचाच विचार नसतो. गियरचे दाते, बेअरिंगे, ब्रेकचे पॅड आणि डिस्क या सगळ्या घासणाऱ्या जोड्याच आहेत. नव्या टायरचा पृष्ठभागही सुरुवातीला गुळगुळीत असतो आणि काही अंतर गेल्यावरच तो रस्ता नीट पकडतो. ताशी दोनशे किलोमीटरने जाऊ शकणाऱ्या गाडीचे ब्रेक रुळलेले नसणे, हे इंजिन रुळलेले नसण्यापेक्षा कितीतरी अधिक गंभीर आहे.

फळ्यावर करण्याजोगे गणित

हजार किलोमीटरमध्ये रिंग किती घासली जाते? एक मोटार ताशी ५० किलोमीटरने चालली आणि इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत होते, असे धरू. पिस्टनचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर.

हजार किलोमीटरला लागणारा वेळ: २० तास, म्हणजे १२०० मिनिटे.
एकूण फेरे: १२०० × २५०० = ३० लाख.
एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो: २ × ७५ = १५० मिलिमीटर, म्हणजे ०.१५ मीटर.
रिंगेचे एकूण घासणे: ३० लाख × ०.१५ = साडेचार लाख मीटर, म्हणजे ४५० किलोमीटर.

गाडी हजार किलोमीटर जाते तेव्हा तिची रिंग भिंतीवर ४५० किलोमीटर घासलेली असते. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ज्वलन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये १५ लाख वेळा तो दाब रिंगेमागे आलेला असतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या गाडीचे आकडे घालून हे गणित करावे.

खडूचा प्रयोग

रुळण्याचा पहिला टप्पा वर्गात दाखवता येतो. त्यासाठी नवा खडू, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पट्टी एवढेच लागते. खडू तिरका धरून त्याची कड पॉलिश पेपरवर टेकवा आणि शक्य तितक्या सारख्या दाबाने दहा वेळा एकाच दिशेने ओढा. कडेवर एक लहानसा सपाट भाग तयार होईल. त्याची लांबी मोजा. पुन्हा दहा वेळा ओढा, पुन्हा मोजा. असे सात-आठ वेळा करून आलेख काढा. आडव्या अक्षावर ओढण्यांची संख्या आणि उभ्या अक्षावर सपाट भागाची लांबी घ्या.

आलेख आधी झपाट्याने चढेल आणि मग आडवा होत जाईल. सुरुवातीला टोक अणकुचीदार असल्याने थोडी पूड गेली तरी आकार पुष्कळ बदलतो. पुढे तेवढीच पूड जास्त जागेवरून निघते, म्हणून आकार हळू बदलतो. इंजिन रुळण्याचा मोठा हिस्सा अगदी सुरुवातीच्या काळात का उरकतो, हे यावरून समजते. एक फरक मात्र मुलांच्या लक्षात आणून द्यावा. खडूची पूड शेवटपर्यंत निघतच राहते, कारण मध्ये वंगण नाही. इंजिनात पठारे तयार झाली की ऑइलचा पडदा भार उचलतो आणि झीज जवळजवळ थांबते.

नगर आणि इंजिने

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या शहराचा इंजिनांशी जुना संबंध आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली ती येथूनच. पन्नास सीसीच्या त्या दोन-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. अशा इंजिनांना रुळेपर्यंत ऑइलचे प्रमाण थोडे जास्त ठेवण्याची पद्धत होती, कारण वंगणाचा दुसरा मार्गच नव्हता. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, नगरलाच आहे. देशात नवे वाहन विक्रीस येण्यापूर्वी त्याच्या नमुन्याची चाचणी ज्या मोजक्या संस्थांकडून करून घ्यावी लागते, त्यांत मोटार वाहन नियमांनी या संस्थेचे आणि पुण्याच्या एआरएआयचे नाव घातलेले आहे.

चाचणी करणाऱ्यांना रुळण्याचा विचार करावाच लागतो. न रुळलेल्या इंजिनाचे घर्षण आणि ऑइलचा खप जास्त असतो, म्हणजे त्याचा इंधन-खप आणि धूरही बदलता असतो. अशा इंजिनावर घेतलेली मोजमापे दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाहीत. म्हणून युरोपातील धूर-चाचणीच्या नियमांत मोटार आधी किमान ३००० किलोमीटर चालून रुळलेली असावी, अशी अट आहे. मोजण्यापूर्वी वस्तू स्थिर स्थितीत आली आहे ना हे पाहणे, हा धडा कोणत्याही प्रयोगाला लागू पडतो.

मधला मार्ग

एवढे समजल्यावर नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपले आपणच काढता येतात. रिंगेमागे दाब हवा, म्हणून नवे इंजिन ओझ्यावाचून तासन्‌तास चालवू नये. शिखरे तापून ओरबाडली जाऊ नयेत, म्हणून पूर्ण ओझे आणि पूर्ण वेग टाळावा. इंजिन आणि ऑइल गरम होईपर्यंत हलक्या हाताने चालवावे, पण जागच्या जागी नुसते घुरघुरत ठेवू नये. एकाच वेगाला चिकटून राहू नये. चढ, उतार, गाव, मोकळा रस्ता असा बदलता प्रवास बरा, कारण त्यामुळे प्रत्येक जोडी वेगवेगळ्या भाराखाली घासली जाते. वरच्या गियरमध्ये इंजिन कण्हू देऊ नये. तेथे वेग कमी आणि ओझे जास्त, म्हणजे पडद्याला सर्वांत वाईट परिस्थिती. शेतातल्या पंपाला पहिल्या दिवसापासून पाण्याचे माफक ओझे द्यावे, ट्रॅक्टरला नांगरापेक्षा आधी पेरणी-कुळवणीसारखी मध्यम कामे द्यावीत. आणि पुस्तिकेत सांगितलेला आकडा अंतिम मानावा, कारण त्या इंजिनाची रिंग, भिंत आणि ऑइल कोणते आहे हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असते.

"मी तर पहिल्या दिवसापासून दामटली, काही झाले नाही," असे सांगणारे भेटतील. तसे "मी अगदी जपली म्हणून वीस वर्षे टिकली" असेही म्हणणारे भेटतील. वर्गात यावर जरूर चर्चा घडवावी. एका गाडीवरून काही सिद्ध होते का? त्याच कारखान्याची, सारखीच अनेक इंजिने दोन गटांत वाटली, एक गट एका पद्धतीने आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीने रुळवला, पुढे सर्व सारखीच चालवली आणि शेवटी ऑइलचा खप व खाली निसटणारा वायू मोजला, तरच पद्धतींची तुलना होईल. आमच्या मामांचे इंजिनही एकच होते. त्याचे दुखणे आम्ही येथे सांगितले ते पुरावा म्हणून नव्हे. हेड उतरवून आत काय झाले ते डोळ्यांनी पाहता आले आणि त्याचे कारण इतरांच्या मोजमापांशी जुळले, म्हणून.

२०२४ मध्ये लूना पुन्हा रस्त्यावर आली, या वेळी विजेवर. तिला पिस्टन नाही, रिंगा नाहीत, निळा धूर नाही. तिचे बेअरिंग, ब्रेक आणि टायर मात्र अजूनही रुळावेच लागतात. जेथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात, तेथे त्यांची ओळख व्हायला थोडा वेळ आणि थोडे ओझे लागते. मामांना त्या दिवशी मिस्त्रीने हेच सांगितले होते, फक्त कारण न सांगता. कारण मुलांना सांगणे हे आपले, शिक्षकांचे, काम.